नाशिकचे पोपट ओळखायला शिकताना

माझ्या पहिल्या वहीत दोन वर्षांच्या पानांवर एकच शब्द आहे, ‘पोपट’. ‘सोमेश्वर, पोपट १२.’ ‘पांडवलेणी, पोपट ५.’ ‘अंजनेरीचा पायथा, पोपट ७.’ तारखा आहेत, वेळा आहेत, त्या दिवशीची हवासुद्धा लिहून ठेवली आहे. कोणता पोपट, ते मात्र कुठेच नाही. अंजनेरीचे ते सात कोण होते हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि ते पान उघडलं की मला अजून वाईट वाटतं.

नव्याने पक्षी बघायला लागलेल्यांनी ही चूक करू नये म्हणून हे लिहितोय. आपण सगळ्यांना ‘पोपट’ म्हणतो, त्यामुळे एखाद्या गावातून मोठा करण पोपट नाहीसा झाला तरी कुणाच्या ध्यानात येत नाही. विचारलं तर लोक म्हणतात, पोपट तर रोज दिसतात की. रोज दिसतो तो दुसरा, लहान चणीचा कीर पोपट. एक नाव नीट लिहायला शिकलात तर हा फरक तुमच्या वहीत उतरेल, आणि पुढे कधीतरी तो कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी नावांचा गुंता सोडवून घ्या

मराठीत या पक्ष्याला पोपट, राघू, रावा, कीर, शुक अशी नावं आहेत. बोलताना ती एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. मी मात्र इथे ‘कीर’ म्हणेन तो शहरात रोज दिसणारा पोपट, ‘करण’ म्हणजे त्याहून मोठा, आणि ‘लालडोक्या’ म्हणजे लालजांभळ्या डोक्याचा लहान पोपट. त्यात ‘वेडा राघू’ येऊन आणखी घोळ घालतो. वेडा राघू हा पोपट नाहीच. तारेवर बसून हवेतल्या माश्या-मधमाश्या टिपणारा तो हिरवा, बारीक चोचीचा, शेपटीतून दोन सुया बाहेर आलेला पक्षी. पोपटाशी त्याचं नातं फक्त रंगाचं.

दुसरी गफलत होते ती उंबरावर. पिकलेल्या उंबराच्या झाडात हिरवं काहीतरी हलतं, आपण ‘पोपट’ लिहून मोकळे होतो, आणि असतो तो हरियल, म्हणजे आपला राज्यपक्षी. पिवळ्या पायांचं हिरवं कबूतर ते. फळ एकच, झाड एकच, रंगही जवळपास तोच. म्हणून कुठलाही हिरवा पक्षी दिसला की आधी चोच बघा. वरची चोच जाड, खाली वळलेली, आकड्यासारखी असेल तरच पुढच्या पायरीला जा. पाय दिसले तर फारच छान. पोपटाच्या पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात. फळ मुठीत धरून तोंडाकडे नेण्याची त्याची ढब त्या पायामुळे. हरियलला ते जमत नाही.

इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्यांना ‘पॅराकीट’ हा शब्द भेटतो. तो शास्त्रीय गट नव्हे. लांब, निमुळत्या शेपटीच्या लहान-मध्यम पोपटांना सरसकट दिलेलं ते नाव आहे. ऑस्ट्रेलियाची बजरीगर पॅराकीट, दक्षिण अमेरिकेतले कितीतरी पोपट पॅराकीट, आणि आपलेही पॅराकीटच. त्यावरून नातं कळत नाही, फक्त अंगाची ठेवण कळते. आपला ‘पोपट’ हा शब्द त्या मानाने बरा.

वर्गीकरणाची शिडी, गरजेपुरती

अभ्यासाचं नाव काढलं की नवे लोक बिचकतात. चार पायऱ्या ध्यानात ठेवल्या तरी पुरे: गण (ऑर्डर), कुल (फॅमिली), प्रजाती (जीनस), जाती (स्पीशीज). जगभरात पोपटांच्या साधारण चारशे जाती आहेत आणि त्या सगळ्या एकाच गणात येतात. त्यांचे तीन मोठे भाग पडतात: न्यूझीलंडचे जुने पोपट, तुरेवाले काकाकुवा, आणि बाकीचे ‘खरे’ पोपट. आपले पोपट तिसऱ्या भागातले. त्यांचं कुल सिटाक्युलिडी. आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशा जुन्या जगातल्या पोपटांचं हे कुल आहे.

(एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतो. पोपटांचे जवळचे नातेवाईक म्हणून आपण घुबडं किंवा कबुतरं समजू. जनुकांच्या अभ्यासातून मात्र त्यांची जवळीक निघाली ती गाणाऱ्या पक्ष्यांशी आणि ससाण्यांशी. नांदूर मध्यमेश्वरला पोपटांच्या थव्यावर झडप घालणारा ससाणा दिसला तर ही भाऊबंदकी आठवेल.)

आपल्या लांब शेपटीच्या पोपटांची प्रजाती ‘सिटाक्युला’. हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए याने १८०० साली दिलं. आफ्रिकेपासून भारत, हिमालय, आग्नेय आशिया आणि हिंदी महासागरातल्या बेटांपर्यंत ही मंडळी पसरली आहेत. भारताच्या नकाशावर त्यांना मांडून बघा, म्हणजे विविधता डोळ्यांपुढे येते. हिमालयाच्या उतारावर राखी डोक्याचा पोपट, ईशान्येकडे लाल छातीचा आणि गुलाबी डोक्याचा, अरुणाचलच्या उंचीवर जांभळट छातीचा मोठा डर्बी पोपट, अंदमान-निकोबारात लांब शेपटीचा आणि निकोबारी पोपट, सह्याद्रीच्या दाट सदाहरित जंगलात निळ्या पंखांचा. त्या निळ्या पंखांच्या पोपटाचा सख्खा भाऊ शोभावा असा एक पोपट फक्त श्रीलंकेत आहे.

बेटांवरच्यांचे हाल झाले. सेशेल्सचा पोपट संपला, रॉड्रिग्सचा संपला. मॉरिशसचा एको पोपट हा आपल्या रोजच्या कीर पोपटाचा अगदी जवळचा नातलग. १९८०च्या दशकात तो जेमतेम दहा-बारा उरला होता. घरट्यांची राखण, वरचं खाणं आणि पिल्लं हाताने वाढवण्याचा खटाटोप यांच्या जोरावर आज त्यांची संख्या शेकड्यांत आहे.

आता नव्या लोकांना अडखळायला लावणारी बाब. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं की सिटाक्युला ही प्रजाती जशी समजली जात होती तशी एकसंध नाही. वेगळ्या प्रजातींत ठेवलेले काही पोपट, अगदी रीयुनियन बेटावरचा नामशेष झालेला मॅस्करीन पोपटसुद्धा, या वंशवेलीच्या आतच बसतात. त्यामुळे काही अभ्यासकांनी तिचे तुकडे केले. त्या मांडणीत कीर पोपट ‘अलेक्झांड्रिनस’मध्ये गेला, करण पोपट ‘पॅलिऑर्निस’मध्ये आणि लालडोक्या पोपट ‘हिमालयाप्सिटा’मध्ये. काही याद्यांनी ही विभागणी घेतली आहे. हातात घेऊन फिरायच्या बहुतेक पुस्तकांत अजून सिटाक्युलाच छापलेलं सापडेल. गंमत म्हणजे इंग्रजीत ‘अलेक्झांड्राइन’ म्हणतात तो पोपट करण, आणि ‘अलेक्झांड्रिनस’ ही प्रजाती मात्र कीर पोपटाची! म्हणून वहीत मराठी नाव आणि शास्त्रीय नावाचा दुसरा शब्द लिहा: कीर म्हणजे क्रामेरी, करण म्हणजे युपॅट्रिया, लालडोक्या म्हणजे सायनोसेफाला. प्रजातीचं नाव उद्या बदललं तरी तो दुसरा शब्द सहसा टिकून राहतो.

पायरी पहिली: मान वर करण्याआधी कान द्या

नाशकात पोपट आधी ऐकू येतो, मग दिसतो. कीर पोपटाचा आवाज कर्कश आणि चिरका, ‘कीऽऽक, कीऽऽक’. उडताना तो सतत ओरडतो. करण पोपटाचा आवाज त्याहून खोल आणि घोगरा असतो. छातीतून काढल्यासारखा. एकदा दोन्ही लागोपाठ ऐकलेत की चूक होणार नाही.

लालडोक्या पोपट या दोघांपेक्षा अगदी वेगळा. ‘टुई? टुई?’ असा बारीक, वर चढणारा, प्रश्न विचारल्यासारखा आवाज. काही जण त्याला तुईया म्हणतात, आणि आवाज ऐकल्यावर हे नाव चपखल वाटतं. माझं ठाम मत आहे की नव्या माणसाने पहिला महिना दुर्बीण न उचलता हे आवाज पाठ करावेत. पोपट डोक्यावरून तीन सेकंदांत निघून जातो, तेवढ्यात दुर्बीण डोळ्याला लागतसुद्धा नाही.

पायरी दुसरी: खांदा बघा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

लोक गळ्याचा पट्टा, म्हणजे कंठ, बघून पोपट ओळखायला जातात. कंठ कीर पोपटाच्या नरालाही असतो आणि करण पोपटाच्या नरालाही. गुलाबी आणि काळा, दोघांचाही. त्यावरून जात ठरत नाही. जात ठरते ती खांद्यावर. पंख मिटून बसलेल्या करण पोपटाच्या खांद्यावर विटकरी-तांबडा डाग असतो, आणि तो नर-मादी दोघांनाही असतो. कीर पोपटाचा खांदा निव्वळ हिरवा.

मग आकारमान. कीर पोपट शेपटीसकट साधारण ४० सेंटिमीटर, त्यात निम्म्याहून जास्त शेपटीच. करण पोपट ५३ ते ५८ सेंटिमीटर. आकडा वाचून फारसं कळत नाही, पण वजनात तो जवळजवळ दुप्पट भरतो आणि ते फांदीवर दिसतं. कीर बसला तर डहाळी हलते, करण बसला की ती वाकते. चोच बघा, करणची चोच अवजड, दोन्ही अंगांनी लालभडक, जणू चेहऱ्याला मोठी पडावी अशी.

लालडोक्या सगळ्यांत लहान, साधारण ३६ सेंटिमीटर. त्याच्या नराच्याही खांद्यावर छोटा तांबूस ठिपका असतो. पण त्याचं डोकं पिकलेल्या आलुबुखारासारखं लालजांभळं, मानेला बारीक काळा कंठ, वरची चोच नारिंगी-पिवळी. तो करणशी गल्लत होण्यासारखा नाहीच. मादीचं डोकं निळसर राखाडी, मानेला पिवळसर कड. पाठमोरा उडून गेला तरी शेपटीने ओळख पटते. मधली लांब पिसं निळी आणि टोकं पांढरी. संध्याकाळच्या उन्हात ती पांढरी टोकं चमकून जातात. ईशान्य भारतातल्या गुलाबी डोक्याच्या पोपटाच्या शेपटीचं टोक पिवळसर असतं. इंटरनेटवर फोटो ताडून पाहताना ही दोघं नेहमी एकमेकांत मिसळलेली दिसतात, तेव्हा शेपटीचं टोक तपासा.

पायरी तिसरी: कंठ नसेल तर ‘मादी’ लिहू नका

कीर पोपटाच्या पिल्लाला कंठ नसतो. नराला तो यायला तिसरं वर्ष उजाडतं. म्हणजे बिनकंठाचा पोपट मादी असेल किंवा कोवळा नर असेल. मी बरीच वर्षं बिनकंठाचे सगळे पोपट ‘मादी’ म्हणून लिहीत गेलो आणि मग थव्यांमध्ये माद्या इतक्या जास्त का, याचं कोडं सोडवत बसलो. कोडं वहीतलंच होतं. ‘कंठ आहे’ आणि ‘कंठ नाही’ एवढेच दोन रकाने ठेवा. लालडोक्याच्या पिल्लांचंही तेच, त्यांची डोकी सुरुवातीला हिरवीच असतात.

पायरी चौथी: खालची चोच, आणि नाशिकचं भाग्य

ही पायरी थोडी पुढची आहे, पण नाशिककरांनी ती सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

कीर पोपट आफ्रिकेतही आहे आणि आशियातही. त्याच्या चार उपजाती मानतात, दोन आफ्रिकेत, दोन आपल्याकडे. दक्षिण भारतातली आणि श्रीलंकेतली ती ‘मॅनिलेन्सिस’, उत्तरेकडची ‘बोरिअलिस’. (मॅनिलेन्सिस म्हणजे मनिलाचा. मनिला फिलिपिन्समध्ये, आणि तिथे हा पक्षी मूळचा नाहीच. तरी नाव चिकटलं ते चिकटलं.) दक्षिणेकडच्या पक्ष्याची वरची चोच लाल आणि खालची काळी. उत्तरेकडच्याची खालची चोचही लालसर. या दोघांच्या मधली सीमा साधारण २० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास धरतात.

नाशिक शहर नेमकं २० अंशांवर आहे.

पक्ष्यांना अक्षांश कळत नाहीत, तेव्हा अशी सीमा म्हणजे रेघ नसते, पट्टा असतो, आणि त्या पट्ट्यात मिश्र रूपं भेटू शकतात. मला गोदाकाठी बहुतेक वेळा काळ्या खालच्या चोचीचेच पोपट दिसले आहेत. पण कळवण-सटाण्याकडे, मालेगावच्या बाजूला राहणाऱ्या कुणी वर्षभर फक्त खालच्या चोचीचा रंग टिपला, आणि तसाच कुणी सिन्नर-संगमनेरकडे टिपला, तर दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघण्यासारख्या होतील. त्यासाठी महागडी साधनं नकोत. ८×४० ची साधी दुर्बीण आणि खाताना बसलेला पोपट पुरतो. तो पेरू किंवा उंबर पायात धरून खात असतो तेव्हा चोच उघडझाप करते, खालचा भाग स्वच्छ दिसतो. सकाळचं ऊन आपल्या पाठीमागून यायला हवं. सावलीत लाल रंगही काळपट भासतो, तेव्हा खात्री नसेल तर रकाना रिकामा ठेवा. आणि खालची चोच लाल दिसली की लगेच खांदाही पाहून घ्या, नाहीतर करण पोपटाला उत्तरेचा कीर ठरवाल.

पायरी पाचवी: कुठे जायचं, कधी जायचं

सुरुवात घराजवळून करा. कीर पोपट शहरात सगळीकडे आहे. पंचवटी, तपोवन, सोमेश्वर, गंगापूर रोडचे जुने वड-पिंपळ, देवळाली कॅम्पातली मोठी झाडं. पंचवटीचं नावच पाच वडांवरून आलेलं, आणि वडाची फळं लागली की पोपट चुकत नाही. सकाळी उजाडल्यापासून तासभर आणि सूर्यास्ताआधी तासभर, या दोन वेळा सोन्याच्या. दुपारी तो पानात गप्प बसतो आणि हिरव्यात हिरवा शोधून डोळे दुखतात.

लालडोक्या पोपट बघायचा तर शहर सोडा. त्र्यंबकेश्वर, अंजनेरी, हरसूल, पेठ, सुरगाणा या पश्चिमेच्या पट्ट्यात, पानगळीची झाडी आणि मधूनमधून शेतं अशी सरमिसळ असते तिथे तो असतो. म्हसरूळच्या पुढे बोरगडच्या बाजूलाही नजर ठेवावी. जायचा महिना विचाराल तर मी फेब्रुवारीचा शेवट सांगेन, कारण तेव्हा पळस फुललेला असतो.

पेठ रस्त्याला एका पळसाखाली मी तासभर बसलो होतो. वर सहा लालडोके. नर एक फूल देठाजवळ चोचीत धरायचा, बुडाशी एकच चावा, मध चोखून झाला की फूल खाली. मग पुढचं. झाडाखाली केशरी सडा पडला होता. मी फुलं उचलून बघितली तर प्रत्येकाच्या बुडाशी त्याच जागी तोच अर्धवर्तुळाकार छेद होता. तेव्हापासून पळसाखालून, काटेसावरीखालून जाताना मी आधी खाली बघतो. बुडाशी कातरलेली फुलं दिसली की वर पोपट येऊन गेले हे समजतं.

करण पोपटासाठी मी जागा सांगणार नाही. एक तर तो नाशकात कमी दिसतो, आणि त्याच्या घरट्यांवर पिल्लं काढणाऱ्यांचा डोळा असतो. शहरात एखादाच करण पोपट कीरांच्या थव्यात फिरताना दिसला तर तो पिंजऱ्यातून सुटलेलाही असू शकतो. शेपटीची टोकं झिजलेली आहेत का, माणसाला बुजत नाही का, ते लिहून ठेवा.

निळ्या पंखांचा पोपट हा दाट, ओल्या जंगलाचा. त्याच्यासाठी सह्याद्रीच्या दक्षिण भागात जा. आणखी एक, जेमतेम १४ सेंटिमीटरचा, आखूड शेपटीचा लटकणारा पोपट घाटातल्या ओलसर जंगलात असतो. तो वटवाघळासारखा उलटा लटकून झोपतो. कुल तेच, पण त्याची जवळीक आफ्रिकेच्या लव्हबर्डशी, आपल्या लांबशेपट्यांशी नाही.

नांदूर मध्यमेश्वरला लोक बदकं बघायला जातात, आणि ते बरोबरच आहे, महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण हिवाळ्यात तिथे संध्याकाळी थांबलात तर बाभळींवरून जाणारे पोपटांचे थवेही मोजा. निफाडची पिकं जवळ असल्यामुळे ते येणारच.

थवे मोजण्याची रीत

पोपट रात्री एकत्र मुक्काम करतात. एखाद्या पिंपळावर, निलगिरीच्या रांगेत, शेकड्यांनी. मुक्कामाचं झाड सापडलं तर झाडावर मोजू नका, पानांत काही दिसत नाही. झाडाकडे येणाऱ्या वाटेवर, थोडं लांब, एकाच जागी उभे राहा. सूर्यास्ताआधी पाऊण तास ते अंधार पडेपर्यंत, दर पाच मिनिटांचा वेगळा आकडा लिहा. मोठा थवा आला की आधी दहा पक्षी मोजून तो ‘दहाचा तुकडा’ डोळ्यांत बसवा आणि मग तुकडे मोजा. दोघं जण असतील तर एकाने मोजावं, एकाने लिहावं. महिन्यातून एकदा, त्याच झाडाकडे, त्याच जागेवरून. वर्षभराने हाती येणारे बारा आकडे एखाद्या सुंदर फोटोपेक्षा जास्त मोलाचे असतात.

ढोली आणि घरटं

पोपट घरटं विणत नाही, ढोलीत राहतो. सुतार पक्ष्याने किंवा तांबटाने कोरलेली ढोली बळकावतो, जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीतलं भोकही त्याला चालतं. कीर पोपटाचा हंगाम साधारण जानेवारी ते मे. मादी बाविसेक दिवस अंडी उबवते, आणि पिल्लं सहा-सात आठवड्यांनी बाहेर पडतात.

म्हणून वाळलेली फांदी, पोकळ खोड या गोष्टींना मी फार जपतो. सोसायटीत ‘झाड वाळलंय, पाडून टाकू’ असं कुणी म्हणालं की आधी खालून दहा मिनिटं बघा. भोकाच्या कडेची साल ताजी कुरतडलेली, फिकट दिसत असेल तर आत कुणी आहे. फांदी धोकादायक नसेल तर मेनंतर तोडा म्हणून विनंती करा. लोक ऐकतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना भोक दाखवावं लागतं एवढंच.

ढोलीजवळ मात्र रेंगाळू नका. मोबाइलवर पोपटाचा आवाज लावून त्याला बोलावू नका, आणि घरट्याचं ठिकाण कुठेही टाकू नका.

द्राक्षबागा आणि पोपट

नाशकात पोपटांविषयी लिहायचं आणि द्राक्षांचं नाव काढायचं नाही, असं होत नाही. घड गोडीला आले की पोपट येतात. ज्वारी-बाजरीची कणसं, सूर्यफूल, पेरू, मिरचीसुद्धा. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. पोपट खातो त्याहून जास्त नासधूस करतो, हे शेतकऱ्याचं म्हणणं खरं आहे. अर्धा मणी चावून टाकणं ही त्याची सवयच. बागाईतदाराने वर्षभर कर्ज काढून, डाऊनी-भुरी या रोगांशी झुंजून वाढवलेला घड असा गेला तर तो चिडणारच. त्याला पक्षिप्रेम शिकवायला जाऊ नका.

जाळी, चमकणारी पट्टी, पहाटे आणि संध्याकाळी राखण, हे उपाय चालतात. तुम्हाला बागेत बोलावलं तर एक गोष्ट जरूर सुचवा. जाळी ताणून बांधली तर पक्षी तिच्यावर आपटून परत जातो, सैल असली तर अडकतो. अडकलेला पोपट सोडवताना आधी त्याच्यावर जाड कापड टाका, नाहीतर चोच बोट फोडते. दोरा ओढू नका, कात्रीने कापा. पंखाखालचा एक धागा राहून गेला तरी पिसाला पीळ पडतो.

पिंजरा

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे आपल्या रानातला कुठलाही पोपट पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं गुन्हा आहे. ‘आमच्याकडे आजोबांपासून मिठू आहे’ म्हणणारी घरं मलाही माहीत आहेत, त्यांचा जीवही असतो त्या पक्ष्यावर. तरी कायदा तोच. बजरीगर, लव्हबर्ड हे परदेशी पक्षी, त्यांचं प्रकरण निराळं. बाजारात दिसणारे निळे आणि पिवळे कीर पोपट या नव्या जाती नव्हेत. पोपटाचा हिरवा रंग दोन गोष्टींनी बनतो, पिसांच्या रचनेतून येणारा निळा आणि फक्त पोपटांमध्येच सापडणारं पिवळं रंगद्रव्य. पिवळं गेलं की पक्षी निळा दिसतो, काळं रंगद्रव्य गेलं की पिवळा. वहीत जात तीच लिहायची.

पिंजऱ्यातल्या पोपटासाठी जीव तुटला म्हणून तो विकत घेऊन सोडू नका. मीही एकदा तसं केलं होतं. पंधरा दिवसांनी त्याच जागी त्याच माणसाकडे चार नवी पिल्लं होती, डोळे नुकते उघडलेली. माझ्या पैशाने पुढची ढोली फोडली गेली. तेव्हापासून मी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करतो आणि जागा, वेळ, पक्ष्यांची संख्या सांगतो.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, जागा, झाडाचं नाव. जात, आणि ती कशावरून ठरवली: आवाज, खांदा, डोकं की शेपटीचं टोक. कंठ असलेले किती, नसलेले किती. खालच्या चोचीचा रंग, दिसला असेल तरच. काय खात होता. जात ठरत नसेल तर सरळ लिहा, ‘लांब शेपटीचा पोपट, जात ठरली नाही’. अशी नोंद रिकामी नसते, ती प्रामाणिक असते. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतानाही जात न ठरलेल्या पक्ष्याची तशी नोंद करता येते.

पहिल्यांदा एकत्र बाहेर पडायचं असेल तर ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह चांगला. मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंतचा हा आठवडा महाराष्ट्रात सगळीकडे साजरा होतो, आणि बरोबर जाणकार असतात. त्यांना एकच विनंती करा, नाव सांगण्याआधी मला अर्धा मिनिट बघू द्या.

गेल्या फेब्रुवारीत अंजनेरीच्या त्याच पायथ्याशी पुन्हा गेलो होतो. वहीत लिहिलं आहे: ‘सकाळी ७.१०. काटेसावर. सायनोसेफाला ५: लाल डोकी २, राखी डोकी ३. शेपटीची टोकं पांढरी, पाचांचीही पाहिली. पलीकडच्या उंबरावर क्रामेरी ४, कंठ १. खालची चोच दोघांची काळी, दोघांची दिसली नाही.’